शॉर्टवेव्हसाठी घरच्या घरी तारेचा अँटेना

शॉर्टवेव्हचा रेडिओ घेतला, दांडी पूर्ण वर काढली, तरी केंद्रांऐवजी नुसती खरखरच ऐकू येते, अशी तक्रार घेऊन माणूस दुकानात गेला की दुकानदार त्याला आणखी महागडा रेडिओ दाखवतो. तो घेण्याआधी घरी एक प्रयोग करून बघा. रात्री आठच्या सुमारास रेडिओ सेलवर चालू करा, ४१ किंवा ३१ मीटरवर एखादं अंधूक केंद्र लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायला विसरू नका, नाहीतर वीज जाताच तो सुरू होईल आणि खरखर उलट वाढेल. बहुतेक घरांत मेन खाली पाडताक्षणी खरखर बसते आणि मघाचं अंधूक केंद्र पुढे येऊन बोलू लागतं. रेडिओत खोट नव्हती. लहरीही येत होत्या, फक्त घराच्या गोंगाटात बुडाल्या होत्या.

आता एकेक गोष्ट चालू करत जा आणि रेडिओ ऐकत राहा. एलईडी दिवा लावला की एक प्रकारची गुणगुण, मोबाइलचा चार्जर लावला की ठरावीक अंतराअंतरावर एक घरघर, वायफाय राउटरचा अडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर (हा दिवसा तपासा), प्रत्येकाचा आवाज वेगळा. यांतली बहुतेक उपकरणं वीजप्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून आपल्याला हवा तो व्होल्टेज बनवतात. त्या तोडजोडीचे पडसाद थेट शॉर्टवेव्हपर्यंत, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात आणि भिंतींतलं वायरिंग ते घरभर पसरवतं. कोणतं उपकरण किती त्रास देतं ते कागदावर लिहून ठेवा. अनेकदा एकच स्वस्तातला चार्जर सगळ्याच्या मुळाशी असतो. तो बदलला तरी निम्मं काम होतं.

पूर्वी व्हॉल्व्हच्या रेडिओला खोलीतल्या खोलीत तांब्याच्या तारांची विणलेली जाळीची पट्टी आडवी बांधली, की तेवढ्यावर भागत असे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे अनेक घरांत ती अशाच पट्टीवर ऐकली गेली. त्या काळी घरात पिवळे दिवे आणि फार तर एखादा पंखा, खरखर करणारं दुसरं काही नव्हतं. तीच जाळी आज खोलीत बांधली तर ती केंद्रांच्या आधी चार्जर पकडेल. म्हणून या लेखातलं मुख्य सांगणं एकच आहे: अँटेना किती लांब आहे यापेक्षा तो घरापासून किती दूर आहे याला जास्त महत्त्व द्या. अंगणाच्या टोकाला बांधलेली दहा मीटर तार गॅलरीत कोंबलेल्या तीस मीटर तारेपेक्षा चांगलं काम देते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

जागा

गावाकडचं घर, शेतातलं घर, वाड्याचं परसू किंवा बंगल्याची बाग असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. घरापासून निदान सात-आठ मीटर दूर असलेल्या दोन जागा शोधा: आंबा किंवा नारळ, गोठ्याचा खांब, विहिरीवरचा लाकडी दांडा, काहीही चालेल. दोहोंमध्ये १० ते १५ मीटर अंतर आणि जमिनीपासून चार-पाच मीटर उंची मिळाली तर सुरुवातीला ते भरपूर आहे. एक टोक उंच आणि एक खाली असलं तरी बिघडत नाही. तार पूर्व-पश्चिम की दक्षिण-उत्तर, याची चिंता एवढ्या लांबीच्या तारेला करू नका. ती विजेच्या तारांना समांतर मात्र नको. जमेल तेवढी काटकोनात न्या, म्हणजे त्या तारांतला गोंगाट कमी शिरतो.

विजेच्या तारांबद्दल याहून कडक सूचना वेगळी आहे आणि ती जीवावरची आहे. महावितरणच्या उघड्या तारांच्या वरून किंवा खालून अँटेना कधीही नेऊ नका. दोरी तुटली, फांदी मोडली, खांब कलला आणि तुमची तार कोणत्याही दिशेला पडली, तरी ती विजेच्या तारेला टेकता कामा नये. जागा पक्की करण्याआधी अंगणात उभं राहून हा हिशोब डोळ्यांनी करा. झाडावर दोरी टाकायला दगड बांधून फेकायचा असेल तर जवळपास वीजवाहिनी नाही ना, हे दोनदा बघा. गच्चीवर तार बांधाल तर ती माणसाच्या डोक्याच्या बरीच वर ठेवा. संक्रांतीच्या दिवसांत पोरं पतंगामागे वर न बघता धावतात आणि बारीक तार त्यांना दिसत नाही.

साहित्य

बाजारात तयार ‘शॉर्टवेव्ह अँटेना’ मागायची गरज नाही. घराच्या वायरिंगला वापरतात ती १ चौरस मिलिमीटरची, अनेक धाग्यांची तांब्याची वायर घ्या. तिची ९० मीटरची गुंडाळी मिळते, पण बहुतेक इलेक्ट्रिकच्या दुकानांत ती मीटरवरही देतात. वरचं प्लास्टिक सोलू नका. रेडिओलहरींना त्याची अडचण नसते आणि आतलं तांबं वर्षानुवर्षं टिकतं. शेजाऱ्यांच्या किंवा सोसायटीच्या नजरेत येऊ नये असं वाटत असेल तर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे २२ गेजची वार्निश केलेली तांब्याची तार मिळते. ती दहा पावलांवरून दिसतही नाही. मात्र कावळा बसला किंवा जोराचा वारा आला की ती तुटू शकते, आणि सोल्डर करण्याआधी टोकाची वार्निश पात्यानं पूर्ण खरवडावी लागते. लोखंडी बाइंडिंग वायर अगदी अडल्यावरच वापरा. कोकणात खाऱ्या वाऱ्यानं ती लवकर गंजते.

तार आणि दोरी यांच्यामध्ये दोन्ही टोकांना इन्सुलेटर हवा. विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेत असतो तसा चिनी मातीचा अंड्याएवढा इन्सुलेटर मिळाला तर उत्तम. नाहीतर पीव्हीसी पाइपचा बोटभर लांबीचा तुकडा घ्या, दोन्ही टोकांजवळ एकेक भोक पाडा, एका भोकातून तार आणि दुसऱ्यातून दोरी ओवा, झालं. नायलॉनची दोरी उन्हानं कुजते, म्हणून दरवर्षी मे महिन्यात ती बोटांनी चोळून बघा. पीठ पडू लागलं असेल तर पावसाआधी बदला.

झाडाला बांधताना एक काळजी हवी. वाऱ्यात झाड हात-दोन हात डोलतं, तार मात्र ताणली जात नाही, ती तुटते. झाडाच्या टोकाची दोरी गाठ मारून घट्ट करण्याऐवजी फांदीवरच्या एखाद्या कप्पीतून खाली सोडा आणि तिला वाळू भरलेली दोन लिटरची बाटली लटकवा. झाड डोललं की बाटली वर-खाली होते आणि तार आपल्या जागी राहते. तारेला मध्ये थोडा झोळ राहू द्या. वीणेच्या तारेसारखी ताणलेली तार पहिल्याच वादळात जाते.

जोडणी, जी बहुतेक जण टाळतात

इथपर्यंत सगळे येतात आणि मग तारेचं टोक तसंच ओढत खिडकीतून आत आणून रेडिओच्या दांडीला चिमट्यानं लावतात. ऐकू येतं, नाही असं नाही. पण घराजवळून आणि भिंतीजवळून आलेला तारेचा तो शेवटचा भाग अँटेनाचाच भाग असतो, आणि घरातली सगळी खरखर तो गोळा करतो. तार दूर बांधण्याची मेहनत त्यामुळे वाया जाते. घरात येणारा भाग कोॲक्सिअल केबलचा हवा, म्हणजे ज्या केबलमध्ये मधली तार जाळीच्या कवचात झाकलेली असते ती. केबल टीव्हीवाले वापरतात ती आरजी-६ ही ७५ ओहमची केबल गावोगावी मिळते आणि ऐकण्याच्या कामाला पुरेपूर चालते.

तारेचा आणि या केबलचा मेळ मात्र थेट बसत नाही. एका टोकाकडून घेतलेल्या तारेचा विरोध काही शे ओहमच्या घरात असतो आणि फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलत जातो. केबलचा असतो ७५. त्यामुळे मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावायचा. त्यासाठी साधारण तीन सेंटीमीटर व्यासाची फेराइटची रिंग लागते. ४३ क्रमांकाच्या मिश्रणाची मिळाली तर ती या कामासाठी नेमकी आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत विचारा, किंवा ऑनलाइन मागवा. जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधून निघणारी, एका बाजूनं पांढरी असलेली पिवळी रिंग वापरू नका. ती लोहचूर्णाची असते आणि इथे कामाची नाही.

रिंगवर २४ किंवा २६ गेजच्या वार्निशच्या तारेचे १५ वेढे एका अर्ध्या भागात घ्या आणि ५ वेढे समोरच्या अर्ध्या भागात. तार भोकातून जितक्या वेळा आरपार गेली तितके वेढे, असं मोजायचं. वेढ्यांचं प्रमाण तीनास एक झालं की विरोधाचं प्रमाण नवास एक होतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. १५ वेढ्यांचं एक टोक अँटेनाच्या तारेला, दुसरं जमिनीतल्या अर्थच्या कांबीला. ५ वेढ्यांचं एक टोक केबलच्या मधल्या तारेला, दुसरं जाळीला. दोन्ही गुंडाळ्या एकमेकींना कुठेही जोडायच्या नाहीत. त्यामुळे घराकडून केबलच्या जाळीवरून येणारी खरखर थेट अँटेनापर्यंत पोचत नाही, आणि कोरड्या वाऱ्यात तारेवर साचणारी स्थिर वीज १५ वेढ्यांतून जमिनीत निघून जाते. सगळं पीव्हीसीच्या जंक्शन बॉक्समध्ये बसवा, वायरींची भोकं खालच्या बाजूला ठेवा आणि एम-सीलनं बुजवा. केबल बॉक्समधून निघताना खाली एक झोळ घेऊन मग वळवा, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून गळून जाईल. केबलच्या जाळीत एकदा पाणी शिरलं की ती आतून काळी पडत जाते आणि मग बदलण्यावाचून इलाज नसतो.

अर्थसाठी घराचं अर्थिंग वापरू नका. घरातल्या सगळ्या चार्जरांचा कचरा त्या तारेवर असतो. बॉक्सच्या खालीच, घरापासून दूर, मीटर-सव्वामीटरची तांब्याचा मुलामा असलेली कांब किंवा जीआय पाइप जमिनीत ठोका. काळ्या मातीत ती सहज जाते, पण उन्हाळ्यात माती भेगाळली की संपर्क सुटतो. मार्च ते मे आठवड्यातून एकदा तिथे बादलीभर पाणी ओता. जांभ्यावर कांब शिरत नसेल, किंवा तुम्ही गच्चीवर असाल, तर अर्थच्या जागी पाच-सहा मीटरची दुसरी वायर कठड्याच्या कडेनं पसरवून ठेवा. तेवढ्यानंही फरक पडतो.

केबल रेडिओजवळ पोचल्यावर जुन्या मॉनिटरच्या केबलवर असतात तशा फेराइटच्या उघडझाप करणाऱ्या चार-पाच क्लिपा तिच्यावर चढवा. रेडिओला बाहेरच्या अँटेनाचं भोक असेल तर योग्य पिन लावून तिथे जोडा. नसेल तर केबलची मधली तार दांडीला चिमट्यानं लावा आणि जाळी इअरफोनच्या पिनच्या बाहेरच्या कड्याला जोडा. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओला मागे अँटेना आणि अर्थ अशी दोन भोकं असतात, तिथे तर काहीच शोधावं लागत नाही. हातातल्या छोट्या रेडिओला एवढा अँटेना कधीकधी झेपत नाही: एकच केंद्र तीन ठिकाणी ऐकू येतं, मध्ये शिट्ट्या वाजतात. रेडिओवर ‘डीएक्स/लोकल’ असं बटण असेल तर ते ‘लोकल’वर करा. नसेल तर चिमटा काढून मधली तार प्लास्टिकसकट दांडीभोवती तीन-चार वेढे नुसती गुंडाळा.

ठरावीक बँडसाठी डायपोल

एखादाच बँड मनापासून ऐकायचा असेल आणि जागा असेल तर डायपोल बांधा. मधोमध तोडलेली तार, दोन्ही बाजू सारख्या, आणि मध्यावर केबल. एकूण लांबी मीटरमध्ये हवी असेल तर १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा. ३१ मीटर बँडसाठी ९.६ मेगाहर्ट्झ धरले तर सुमारे १५ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू साडेसात. ऐकण्यासाठी वीतभर इकडे-तिकडे झालं तरी चालतं. याला वरचा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. केबलची मधली तार एका बाजूला आणि जाळी दुसऱ्या बाजूला जोडायची.

मीटर आणि मेगाहर्ट्झ यांचं नातंही सोपं आहे: ३०० ला मीटरनं भागायचं. १९४२च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर. भागाकार केला तर येतात जवळजवळ ७.१ मेगाहर्ट्झ. आज आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा हॅम रेडिओवाल्यांचा बँड आहे, म्हणजे ज्या पट्ट्यात तो आवाज लपूनछपून घुमला तिथे आज परवानाधारक हौशी माणसं उघडपणे एकमेकांशी बोलतात. त्यांचं बोलणं ऐकायला एसएसबीची (सिंगल साइडबँड) सोय असलेला रेडिओ लागतो. याच्याच वर ७.२ पासून ४१ मीटरचा प्रसारण बँड सुरू होतो. दोन्हींसाठी मिळून २० मीटरचा एकच डायपोल पुरतो, आणि तो तिप्पट फ्रीक्वेन्सीवर, म्हणजे २१.६ मेगाहर्ट्झच्या १३ मीटर बँडवरही चांगला चालतो. तो चार-पाच मीटर उंचीवर बांधला तर काहीशे किलोमीटरच्या परिघातली केंद्रं उत्तम येतात. परदेशी केंद्रांसाठी जेवढा उंच नेता येईल तेवढा न्या. दोन खांब नसतील तर मध्य एका उंच बांबूवर आणि दोन्ही टोकं उतरती, असंही चालतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

सिमेंट-काँक्रीटच्या भिंतींतल्या सळया आणि खिडकीची ग्रील लहरी अडवतात, म्हणून खोलीत तार फिरवून फारसा उपयोग होत नाही. सोसायटीची परवानगी काढून गच्चीवर, टाकी आणि लिफ्टच्या खोलीपासून दूर, दहा मीटर तार बांधणं हा सर्वांत चांगला मार्ग. लिफ्टची मोटार चालवणारी यंत्रणा फार गोंगाट करते. गच्ची मिळत नसेल तर पीव्हीसी पाइप ग्रीलमधून आडवा बाहेर काढून त्याच्या टोकापासून वार्निशची बारीक तार तिरकी खाली सोडता येते, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारून. पाच मीटर तार बाहेर गेली तरी दांडीपेक्षा कितीतरी अधिक ऐकू येतं. शेवटी हेही जमलं नाही तर रेडिओ, पाण्याची बाटली आणि खिशात गुंडाळून नेता येईल एवढी वायर घेऊन रविवारी एखाद्या टेकडीवर जा. तिथे जवळपास कोणताच चार्जर नसतो.

वीज आणि वळीव

एप्रिलपासून वळवाची गडगड सुरू होते आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत चालतो. या काळात ऐकून झालं की केबल रेडिओतून काढून खिडकीबाहेर टाकण्याची सवय लावून घ्या. दूरवर वीज चमकू लागली की तिचा कडकडाट ऐकू येण्याआधी रेडिओवर फटफट ऐकू येते. ती ऐकताच केबल काढा, ढग डोक्यावर येण्याची वाट बघू नका. वादळ अंगावर आलं असेल तर मात्र तारेला, केबलला किंवा कांबीला हातही लावू नका. केबल जोडलेली राहिली असेल तर राहू द्या, रेडिओ गेला तर दुसरा येतो.

बांधून झाल्यावर

दिवसा १९ आणि १६ मीटर, संध्याकाळी सहानंतर ३१, ४१ आणि ४९ मीटर, अशी साधारण वाटणी लक्षात ठेवा. सूर्य वर असतो तेव्हा आयनावरणाचा खालचा थर लांब लहरी शोषून घेतो. मावळल्यावर तो विरतो आणि त्या लहरी वरच्या थरावरून परतू लागतात. सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या आसपासचा तासभर सर्वांत मोलाचा. केंद्रांची वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे नवा अँटेना लावल्यावर ओळखीचं केंद्र नाहीसं झालं तर आधी तारीख बघा.

अँटेना सुधारला की नाही हे मोठ्या आवाजावरून ठरवू नका. नुसती लांब तार केंद्राबरोबर खरखरही वाढवते आणि रेडिओचा सिग्नलदर्शक दोन्हींना सारखीच दाद देतो. चीनचं बीपीएम हे वेळदर्शक केंद्र १०.० मेगाहर्ट्झवर सेकंदासेकंदाला टिकटिक पाठवत असतं. रात्री ते लावा आणि दोन टिकांमधली शांतता ऐका. तार हलवल्यावर, अर्थ बदलल्यावर, क्लिपा चढवल्यावर त्या मधल्या जागेतली खरखर घटली तर तुम्ही योग्य दिशेनं आहात. लहरी दर मिनिटाला वर-खाली होतात, म्हणून एकाच रात्रीवर भरवसा ठेवू नका. त्याच वेळेला तीन-चार संध्याकाळी ऐका, वहीत तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी आणि काय बदललं ते लिहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. खरखर तरीही हटत नसेल, तर अँटेनाचा ॲम्प्लिफायर विकत घेण्याआधी तारेचं घराकडचं टोक आणखी चार मीटर दूर सरकवून बघा.